जिवंत यीस्ट गायीला कसं द्यावं: पिशवीपासून गव्हाणीपर्यंत

यीस्टची पहिली पिशवी आणली तेव्हा मी ते आंबोणात कालवलं. आंबोण गरम पाण्यात भिजवायची जुनी सवय. घमेल्यातून वाफ निघायची आणि त्यातच मी यीस्टचा चमचा ढवळायचो. महिनाभर दिलं, दुधात काडीचा फरक पडला नाही. यीस्ट म्हणजे निव्वळ थोतांड, असं ठरवून उरलेली पिशवी गोठ्याच्या पत्र्याखालच्या फळीवर टाकून दिली. दोष यीस्टचा नव्हता. रोज सकाळी गरम पाण्यात ते मीच मारत होतो आणि उरलेलं फळीवरच्या उकाड्यात मरत होतं.

म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून ठेवतो. यीस्ट गायीच्या तोंडात जाईपर्यंत जिवंत राहिलं पाहिजे. आणि ज्या पोटात ते जाणार, त्या पोटाचा कारभार निदान बरा चाललेला असला पाहिजे. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी ओळख

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. गायींना देतात ती जात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगतो तो हिच्यामुळेच. मग पावाचं यीस्ट आणून घातलं तर? हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. जात एक असली तरी वाण वेगवेगळे आहेत. पावाचं वाण पीठ झटपट फुगवण्यासाठी निवडलेलं असतं, खाद्यातलं वाण गायीच्या पोटातल्या उष्णतेत आणि आम्लात तग धरून काम करण्यासाठी. गायींवरच्या चाचण्या त्या त्या वाणावर झालेल्या असतात, त्यामुळे एकाचा गुण दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही. युरोपीय संघात तर प्रत्येक वाणाला पशुखाद्यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागते.

बाजारात 'यीस्ट' या एकाच नावाखाली तीन निराळ्या वस्तू मिळतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. पहिली, जिवंत सुकं यीस्ट: बारीक दाणे, दर ग्रॅममध्ये अब्जावधी जिवंत पेशी, मात्रा अगदी थोडी. दुसरी, यीस्ट कल्चर: यीस्ट ज्या माध्यमावर वाढवलं त्या माध्यमासकट वाळवलेला माल. यात आंबवण्यातून तयार झालेले पदार्थ असतात, जिवंत पेशींवर त्याची मदार नसते आणि मात्रा बऱ्याच ग्रॅमची असते. तिसरी, मृत यीस्ट किंवा यीस्टच्या पेशींची आवरणं. दारूच्या कारखान्यातून निघणारं वाळवलेलं यीस्ट या गटात येतं. ते प्रथिनांचं चांगलं खाद्य आहे, पण खाद्य म्हणूनच. तिन्हींचा उपयोग आहे, मात्र एकाची मात्रा दुसऱ्याला लावलीत तर पैसे तरी वाया जातील किंवा गुण तरी येणार नाही. या लेखात पुढे जिथे यीस्ट म्हटलं आहे तिथे पहिला प्रकार समजावा.

कोटीपोटात ते करतं काय

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. हा समजला की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

कोटीपोट म्हणजे गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिला, सर्वात मोठा कप्पा. मोठ्या गायीचं कोटीपोट शंभर ते दोनशे लिटरचं असतं. आतलं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तिथे हवा जवळजवळ नसतेच. वैरणीतला तंतू फोडणारे जिवाणू या बिनहवेच्या जागेतच सुखाने राहतात. ऑक्सिजन त्यांना विषासारखा. पण गाय घास घेते, पाणी पिते, लाळ गिळते, त्या प्रत्येक वेळी थोडी हवा आत जातेच. यीस्टला ऑक्सिजन चालतो. ते हा ऑक्सिजन वापरून टाकतं आणि तंतू फोडणाऱ्यांची वाट मोकळी करतं.

हा नुसता अंदाज नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात श्वसन करू न शकणारं, म्हणजे ऑक्सिजन वापरू न शकणारं यीस्ट घेऊन तुलना केली होती. त्या यीस्टने जिवाणूंची वाढ झाली नाही. श्वसन करणाऱ्या यीस्टने झाली. गुण यायला यीस्ट जिवंत का लागतं, याचं इतकं सरळ उत्तर दुसरं सापडणार नाही.

दुसरं काम आम्लाचं. गायीने एकदम भरपूर खुराक, म्हणजे पेंड-भरडा, खाल्ला की स्टार्च आणि साखर झपाट्याने आंबते आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. हे आम्ल इतर आम्लांपेक्षा कितीतरी तीव्र. त्याने कोटीपोटाचा सामू, म्हणजे पीएच, खाली घसरतो. यीस्ट साखरेसाठी लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंशी स्पर्धा करतं, आणि ते आम्ल खाऊन टाकणाऱ्या जिवाणूंना जीवनसत्त्वं आणि सेंद्रिय आम्लं पुरवून बळ देतं. सामू सहाच्या वर राहिला तर तंतू पचतो. तो रोज काही तास ५.८ च्या खाली राहू लागला की तंतू फोडणारे जिवाणू मंदावतात, दुधाची फॅट घसरते, शेण सैल होतं, आणि गायीला वरकरणी काही आजार दिसत नाही. याला सुप्त अॅसिडोसिस म्हणतात. यीस्टचा खरा उपयोग या सीमेवर असलेल्या गायीला होतो.

आता एक अडचण. यीस्ट कोटीपोटात वस्ती करून राहत नाही. तिथलं तापमान त्याला जास्तच आहे, शिवाय खाल्लेला चारा सतत पुढे सरकत असतो. एक-दीड दिवसात आधीचं यीस्ट निघून जातं. म्हणून ते रोज द्यावं लागतं. आठवड्यातून एकदा सात दिवसांची मात्रा ओतणं म्हणजे आठवड्यातला एकच दिवस यीस्ट देणं.

किती फरक पडतो, खरं खरं

गायींना यीस्ट देऊन बघायची कल्पना नवी नाही, १९२५ साली यावर शोधनिबंध निघालेला आहे. त्यानंतर इतके प्रयोग झाले की २००९ मध्ये ११० शोधनिबंधांमधले आकडे एकत्र करून हिशेब मांडला गेला. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांत दूध सरासरी दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमने वाढलेलं दिसलं. सहाशे किलोच्या गायीला लावलं तर दिवसाला सातशे ग्रॅमच्या आसपास. खाणं थोडं वाढलं, लॅक्टिक आम्ल घटलं, सामू किंचित वर आला, फॅट वाढण्याकडे कल दिसला. दुधातल्या प्रथिनांवर परिणाम दिसला नाही.

म्हणजे कोणी चार-पाच लिटर वाढीचं आश्वासन देत असेल तर हसून सोडून द्या. आणि सातशे ग्रॅम ही सरासरी आहे हे विसरू नका. कुठे दीड लिटर वाढलं असेल, कुठे शून्य. आपली गाय शून्याच्या बाजूला जाऊ नये, यासाठीच बाकीचा खटाटोप.

पायरी पहिली: कोणत्या गायीला

सगळ्या दावणीला सरसकट सुरू करू नका. सर्वात जास्त गुण येतो तो व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे. या काळात गायीचं खाणं मंदावलेलं असतं आणि खुराक एकदम वाढतो. कोटीपोट अजून वैरणीच्या सवयीत, आणि वर पेंड, भरडा यांचा मारा. व्यायच्या तीन आठवडे आधी यीस्ट सुरू केलं तर हा बदल सोपा जातो.

त्याखालोखाल ऐन दुधात असलेल्या, भरपूर खुराक खाणाऱ्या गायी. मग उन्हाळा. उष्णतेत गाय धापा टाकते, तोंडातून लाळ गळते, आणि त्या लाळेबरोबर आम्ल शमवणारं बायकार्बोनेटही जमिनीवर जातं. शिवाय उन्हात ती वैरण टाळते आणि खुराक मात्र खाते. सामू घसरायला आणखी काय हवं! गरमीचे दिवस सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी यीस्ट चालू करावं. गाय धापा टाकायला लागल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

वेताच्या शेवटी आलेली, कमी दूध देणारी, मुख्यतः वैरणीवर असलेली गाय असेल तर तिच्यावरचा खर्च बहुधा वसूल होत नाही. वासरांबाबत एक बारकावा आहे. दुधात मिसळून पाजलेलं यीस्ट कोटीपोटात जात नाही, दूध अन्ननलिकेच्या खोबणीतून सरळ चौथ्या कप्प्यात उतरतं. कोटीपोटाची वाढ हा हेतू असेल तर यीस्ट वासराच्या कोरड्या खुराकात हवं.

पायरी दुसरी: आधी गव्हाण नीट करा

ही पायरी लोक गाळतात, कारण इथे विकत घेण्यासारखं काही नसतं. मला विचाराल तर निम्म्या गोठ्यांत यीस्टच्या पिशवीआधी हेच करायला हवं.

गायी आराम करत असताना गोठ्यात उभे राहा. बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात. एक गाय निवडा आणि एक घोळा वर आल्यापासून गिळेपर्यंत ती किती वेळा चावते ते मोजा. पन्नास ते सत्तर चावे ठीक. पस्तीस-चाळीसवरच घोळा खाली जात असेल तर वैरण फार बारीक आहे किंवा कमी आहे. कुट्टी पिठासारखी केलेली असेल तर ती खाताना गाय चावणार तरी काय, आणि न चावता लाळ येणार कुठून? चांगली वैरण खाणारी गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ तयार करून गिळते, आणि त्या लाळेत आम्ल शमवणारं बायकार्बोनेट असतं. खाण्याच्या सोड्याचा आणि यीस्टचा विचार करण्याआधी हा फुकटचा सोडा मिळतो का ते बघा.

मग खुराक. एका वेळी तीन किलोपेक्षा जास्त खुराक पुढे टाकत असाल तर तो तीन-चार वेळांत विभागा, आणि आधी थोडी वैरण खाऊ द्या. एकूण कोरड्या खाद्यात वैरणीचा वाटा निदान चाळीस टक्के हवा, त्याहून जास्त असला तर उत्तम. पाणी दिवसभर समोर हवं. मुरघास किंवा पेंडीला बुरशी आलेली असेल तर ती फेकून द्या. यीस्ट ही चांगली बुरशी आहे म्हणून ते वाईट बुरशीचं विष मारतं, असा एक समज ऐकू येतो. जिवंत यीस्ट देऊन बुरशीचं खाद्य चारण्याजोगं होत नाही.

प्रथिनं फार कमी असतील, म्हणजे नुसत्या वाळल्या काडावर गाय असेल, तरीही यीस्ट काही करू शकणार नाही. तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, आणि यीस्टच्या एखाद्या ग्रॅममधून ते मिळत नाही.

पायरी तिसरी: पिशवी वाचायची कशी

पिशवीवर चार गोष्टी शोधा. जिवंत पेशींची संख्या, वाणाचा क्रमांक, मुदतीची तारीख, आणि साठवणीचं तापमान.

संख्या सीएफयू या मापात लिहितात. वाढून वसाहत करू शकणाऱ्या, म्हणजेच जिवंत पेशींची ती मोजणी. ती '१० वर बारीक १०' अशी छापलेली असते. १० चा नववा घात म्हणजे १ अब्ज, दहावा घात म्हणजे १० अब्ज. घातातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की संख्या दहापट बदलते, म्हणून चष्मा लावून वाचा. ही संख्या दर ग्रॅममागे आहे की दर किलोमागे, तेही बघा. किलोमागची संख्या ग्रॅममागची समजून घेतलेला माणूस मी पाहिला आहे. हजारपटीची चूक, आणि तो महिनाभर दुकानदाराशी भांडत होता.

वाणाच्या क्रमांकात संग्रहाचं नाव आणि अंक असतात, उदाहरणार्थ सीएनसीएम आय-१०७७. सीएनसीएम हा फ्रान्समधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा सूक्ष्मजीवसंग्रह. असा क्रमांक असला म्हणजे त्या वाणावर गायींमध्ये काय काम झालं आहे ते शोधता येतं. क्रमांक नाही, संख्या नाही, फक्त 'जिवंत यीस्टयुक्त' असं ठळक अक्षरांत आणि गायीचं छान चित्र, अशी पिशवी मी घेत नाही.

एकाच पुड्यात यीस्ट, खनिजं, जीवनसत्त्वं, यकृताचं टॉनिक असं सगळं भरलेलं मिळतं. तिथे विचारा की मुदत संपेपर्यंत किती पेशी जिवंत राहतील याची हमी आहे का. ओलावा धरणारे क्षार आणि जिवंत पेशी महिनोन्महिने एका पुड्यात सुखाने नांदत नाहीत. अशा पुड्यांसाठी लेप दिलेलं यीस्ट असतं. गोळी पेंडीचंही तसंच. गोळी तयार होताना तापमान ७० ते ८५ अंशांपर्यंत चढतं. लेप नसलेलं यीस्ट त्यात टिकत नाही.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. कोमट पाणी घ्या, मनगटावर टाकल्यावर ना गरम ना गार लागेल असं. अर्ध्या कपात चमचाभर साखर विरघळवा आणि चमचाभर यीस्ट टाका. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस यायला हवा. फेस आला म्हणजे पेशी जिवंत आहेत. किती आहेत ते यातून कळत नाही. लेप दिलेलं यीस्ट वेळ घेतं आणि यीस्ट कल्चरला फेस न येणं हा दोष नाही. पण सुकं जिवंत यीस्ट अर्धा तास बुडाशी चिखलासारखं पडून राहिलं तर ती पिशवी परत करा. मी फळीवर टाकलेल्या पिशवीची नंतर अशीच परीक्षा घेतली होती. तळाशी नुसता गाळ.

पायरी चौथी: मात्रा

पिशवीवरची मात्रा पहिली प्रमाण मानावी, कारण ती त्या वाणासाठी ठरवलेली असते. बऱ्याच जिवंत यीस्टसाठी मोठ्या गायीला दिवसाला साधारण १० अब्ज पेशी, आणि काहींसाठी त्याच्या काही पट, अशी मात्रा सांगितलेली आढळेल. हिशेब सोपा आहे: हव्या असलेल्या पेशी भागिले एका ग्रॅममधल्या पेशी. दिवसाला १० अब्ज हव्यात आणि ग्रॅमला २० अब्ज असतील, तर अर्धा ग्रॅम. ग्रॅमला ५ अब्ज असतील तर दोन ग्रॅम. म्हणून दोन पिशव्यांची तुलना किलोच्या भावाने करू नका, एका गायीच्या एका दिवसाच्या खर्चाने करा. महाग दिसणारी पिशवी पुष्कळदा स्वस्त निघते.

दुप्पट दिल्याने दुप्पट दूध येत नाही.

पायरी पाचवी: मिसळणं आणि जपणं

अर्धा ग्रॅम यीस्ट आठ किलो खुराकात कसं मिसळणार? ते टप्प्याटप्प्याने करावं लागतं. समजा दहा गायी आहेत आणि दर गायीला अर्धा ग्रॅम द्यायचं आहे. एकूण पाच ग्रॅम झालं. छोट्या काट्यावर पाच ग्रॅम मोजा. ते आधी मूठभर कोरड्या कोंड्यात घोळा, मग तो कोंडा आणखी कोरड्या भरड्यात किंवा कोंड्यात नीट मिसळून एकूण पाचशे ग्रॅम करा. आता प्रत्येक गायीच्या खुराकावर या मिश्रणातले पन्नास ग्रॅम टाकले की काम झालं. पन्नास ग्रॅमचं एखादं माप ठरवून ठेवा. चमच्याने अंदाजे अर्धा ग्रॅम टाकायला गेलात तर एका गायीला चौपट आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. सगळं खाद्य एकत्र करून यंत्राने मिसळत असाल तरीही हे कोरडं मिश्रण आधी करून मगच यंत्रात टाका.

आठवड्याचं मिश्रण एकदम करून ठेवायला हरकत नाही, मात्र कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. त्याहून जास्त दिवसांचं नको. खनिज मिश्रण, मीठ, सोडा त्यात आधीपासून कालवून ठेवू नका. ते देतेवेळी वेगळं घाला. पोटात सोडा आणि यीस्ट एकत्र गेल्याने काही बिघडत नाही, दोघांची कामं वेगळी आहेत. सोडा तयार झालेलं आम्ल शमवतो, यीस्ट आम्ल साचू नये याकडे बघतं.

आंबोण भिजवायचंच असेल तर साध्या पाण्यात भिजवा, आणि यीस्ट अगदी गायीपुढे ठेवताना वरून मिसळा. ओल्या खाद्यात यीस्ट घालून रात्रभर ठेवलं तर ते तिथेच आंबायला लागेल आणि गायीच्या पोटात करायचं काम बादलीत करेल. ५० अंशांच्या वर पाण्यात यीस्ट मरतं. बोट बुडवल्यावर चटका बसला तर ते पाणी यीस्टसाठी नाही.

पिशवी थंड, कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, २५ अंशांच्या आत असेल तर बरं. पत्र्याच्या छपराखाली नको, खिडकीत नको, चारा कापायच्या यंत्राशेजारी नको. उघडलेल्या पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा, उघडल्याची तारीख वर लिहा. ओला हात आत घालू नका. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते हे खरं, पण तुमच्याकडे तीन गायी असतील तर ती संपायला वर्ष लागेल आणि शेवटचे सहा महिने तुम्ही मेलेलं यीस्ट चारत असाल. छोटी घ्या. मिसळताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, तोंडाला फडकं बांधा.

पायरी सहावी: सुरू केल्यावर

यीस्ट थोडंथोडं वाढवत नेण्याची सहसा गरज पडत नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा चालते. मात्र त्याच आठवड्यात चारा, पेंड किंवा खुराकाचं प्रमाण बदलू नका. बदललंत तर जे काही होईल ते कशामुळे झालं हे कधीच कळणार नाही. दुधात फरक दिसायला दोन ते चार आठवडे द्या.

त्याआधी शेण बोलायला लागतं. मुठीएवढं शेण स्वयंपाकघराबाहेरच्या, म्हणजे फक्त याच कामासाठी ठेवलेल्या चाळणीत घ्या आणि पाणी सोडून धुवा. वर काय उरलं ते बघा. मक्याचे किंवा भरड्याचे अखंड तुकडे आणि बोटभर लांबीचे तंतू भरपूर असतील तर पचन अर्धवट आहे. बुडबुडे आणि चिकट पातळ पापुद्रे दिसले तर आम्ल वाढून आतड्यालाही त्रास झाल्याची खूण. यीस्ट सुरू करायच्या आधी एकदा आणि मग दर आठवड्याला त्याच गायींचं शेण असं धुऊन फोटो काढून ठेवा. किळसवाणं काम आहे, पण याच्याइतकी स्वस्त प्रयोगशाळा नाही.

वहीत गायीवार सकाळ-संध्याकाळचं दूध, आठवड्यातून एकदा फॅट, गव्हाणीत उरलेल्या चाऱ्याचं वजन, व्याल्याची तारीख आणि त्या दिवशी फार गरमी होती का, एवढं लिहा. फॅटचा आकडा प्रथिनांच्या आकड्याच्या खाली गेला असेल तर ती सुप्त अॅसिडोसिसची शंका घेण्याजोगी गाय. यीस्टचा फरक तिच्यात आधी दिसायला हवा.

तुलना करताना एक सापळा आहे. व्याल्यावर सहा ते आठ आठवडे दूध चढतं, मग उतरत जातं. चढत्या दुधात यीस्ट सुरू केलं तर सगळी वाढ यीस्टच्या नावावर लागते; उतरत्या दुधात सुरू केलं तर बिचारं यीस्ट बदनाम होतं. गायी आठ-दहा किंवा जास्त असतील तर दोन सारखे गट करा: व्याल्याचे दिवस, वेत आणि दूध यात जवळजवळच्या गायींच्या जोड्या लावून एकीला द्या, एकीला नको. गायी कमी असतील तर चार आठवडे द्या, तीन आठवडे बंद करा, पुन्हा चार आठवडे द्या. बंद केल्यावर दूध नेहमीच्या उतरणीपेक्षा जास्त घसरलं आणि पुन्हा चालू केल्यावर सावरलं, तर गुण आहे असं धरायला जागा आहे.

खर्चाचा हिशेब लिटरमध्ये मांडावा. एका गायीचा यीस्टचा दिवसाचा खर्च भागिले तुमच्या एक लिटर दुधाचा भाव. उत्तर ०.२ आलं तर दिवसाला दोनशे मिली वाढीवर खर्च निघतो. त्यात वाढलेल्या खाण्याचा खर्चही धरा. यीस्टने गाय जास्त खाते, तो चारा फुकट येत नाही. फॅटवर भाव मिळत असेल तर ती बाजूही जमेला धरा.

कुठे थांबायचं

गायीने पोतं फाडून भरडा खाल्ला, पोट तट्ट फुगलं, रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस, गाय झोकांड्या खाते, अशा वेळी यीस्टचा डबा उघडू नका. हा तीव्र अॅसिडोसिस आहे, काही तासांत जीव जाऊ शकतो. खुराक समोरून काढा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. पोटफुगीचंही तेच.

जिवाणूंवरची प्रतिजैविकं चालू असली तरी यीस्ट देता येतं, कारण यीस्ट जिवाणू नाही आणि ती औषधं त्याला मारत नाहीत. बुरशीनाशक औषध चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. ताप, कासदाह, लंगडणं यांवर यीस्ट हा इलाज नव्हे, तसं सांगणाऱ्याच्या पुडीवर पेशींची संख्या छापली आहे का तेवढं बघा.

माझी दुसरी पिशवी छोटी होती. ती घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली, कोरड्या कोंड्यात घोळून दिली आणि चार आठवड्यांनी तीन आठवड्यांसाठी बंद केली. ताज्या व्यालेल्या दोन गायींच्या शेणात चाळणीवर भरड्याचे तुकडे पुन्हा दिसायला लागले, फॅटही थोडी उतरली. तिसरी गाय सात महिन्यांची गाभण, दूध आटत आलेलं. तिच्या वहीतल्या पानावर यीस्ट चालू असतानाचे आणि बंद असतानाचे आकडे एकासारखे एक. तिचं यीस्ट तिथेच थांबवलं आणि व्यायच्या तारखेपासून मागे एकवीस दिवस मोजून त्या दिवसावर खूण करून ठेवली.